वाऱ्यातले दहा सेकंद

“सोडली,” असा आवाज यायचा.

एवढंच. गाडी ताशी नव्वदवर आली की मिकामीसान गिअर काढायचे, स्टिअरिंगवर दोन्ही तळवे सपाट टेकवायचे आणि हा एकच शब्द म्हणायचे. पाळण्याची दोरी हातातून सोडताना आईचा आवाज जितका हलका होतो, तितका हलका. मग इंजिनाचं ओढणं थांबायचं आणि गाडी आपल्याच अंगातल्या वेगावर पळत राहायची. टायरची कुजबुज, काचेवरचा वारा आणि माझ्या मांडीवर पत्रक. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. एकदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर समोरच बघत ते म्हणाले, “ओबाता, आता गाडी बोलतेय. तू नको बोलूस.”

त्या पळण्याला फार किंमत असते. नव्वदवरून वीसवर यायला किती सेकंद लागले, यावरून वारा आणि रस्ता गाडीला किती अडवतात ते कळतं. तेवढीच अडवणूक मग कारखान्यातल्या रोलरवर लावतात, गाडी जागच्या जागी धावते आणि एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर गेली हे ठरतं. तोच आकडा जाहिरातीत जातो, वाहतूक मंत्रालयात जातो, गिऱ्हाइकाच्या मनात जाऊन बसतो. सेकंद जास्त तर अडवणूक कमी, अडवणूक कमी तर पेट्रोल कमी. आणि या सगळ्याच्या मुळाशी, होक्काइदोच्या टोकाला, ओखोत्स्क समुद्राकाठच्या आमच्या चाचणीच्या पट्ट्यावर एक माणूस ‘सोडली’ म्हणतो. त्याच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा असतो.

अकरा वर्षं मी ठेवला.

यंदाच्या छोट्या गाडीसाठी आम्ही दोन वर्षं ग्रॅम-ग्रॅम झिजलो होतो. सीटच्या सांगाड्याला भोकं पाडली, मागची काच पातळ केली, इंजिनात पाण्यासारखं पातळ तेल ओतलं. ब्रेक सोडल्यावर ते चाकाला केसभरही घासू नयेत म्हणून तिघेजण चार महिने बसले. दर सोमवारी प्रत्येकाने एखादा सुटा भाग टेबलावर ठेवायचा आणि यातून किती वजन काढता येईल ते सांगायचं. एकदा कुणीतरी स्वतःचा डबाच ठेवला होता आणि बायको आता भातही कमी घालते म्हणून कुरकुरला होता. एवढं करून गाडी लिटरला एकोणतीस पूर्णांक एकवर अडली. समोरच्या कंपनीने तीस पूर्णांक दोन जाहीर केले होते.

आणि एका मंगळवारी आमचे विभागप्रमुख इवाकिरी माझ्या टेबलापाशी आले आणि हसून म्हणाले की तीस पूर्णांक चार झाले. फाइल त्यांनी माझ्यासमोर दोन्ही हातांनी ठेवली, जशी कुणाला भेट देतात तशी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ती मंत्रालयात जायची होती. त्यावर तिसरा शिक्का माझा हवा होता, कारण पट्ट्यावरच्या आकड्यांची पडताळणी हे माझं काम.

त्याच्या बरोबर आठ दिवस आधी त्यांनी माझं नाव हायड्रोजनच्या गटात घातलं होतं. मी पाच वर्षं त्या गटाकडे डोळे लावून बसले होते. मागच्या नळीतून धूर नाही, नुसतं पाणी टपकतं, अशी गाडी मला माझ्या हाताने करायची होती. ही छोटी गाडी खपली तरच तो गट उभा राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा मला आनंद झाला होता. आता आठ दिवस मोजले आणि तो आनंद मला लाच वाटायला लागला.

पत्रक उघडलं. एप्रिलचा तिसरा आठवडा. जाताना आणि येताना अशा सात जोड्या. त्या किनाऱ्यावर एप्रिलमध्ये बर्फ फुटतो आणि समुद्राकडून वारा सुटतो. एका दिशेला गाडीला पाठीवर थाप मिळते, तर दुसऱ्या दिशेला तोंडावर चापट. दोन्ही दिशांचे सेकंद म्हणून कधीच जुळत नाहीत, त्यांची सरासरी काढावी लागते. या पत्रकात ते जुळले होते. एकशे सव्वीस, एकशे सव्वीस. एकशे पंचवीस, एकशे सव्वीस. जुळ्या बहिणींसारखे. वाऱ्याच्या रकान्यात सातही वेळा जवळजवळ शून्य.

आणि खाली मिकामीसानचा शिक्का.

आमच्याकडे कागदावर नावाचे गोल लाल शिक्के ओळीने मारतात, सगळ्यांत डावीकडे सगळ्यांत मोठ्याचा. धाकट्याने आपला शिक्का सरळ मारायचा नाही, वरिष्ठाच्या शिक्क्याकडे जरा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे नावसुद्धा वाकून नमस्कार करतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण नव्या माणसाला तो पहिल्याच महिन्यात कुणीतरी हळूच सांगतो. अख्ख्या कंपनीत हे न करणारा एकच माणूस होता. मिकामीसानचा शिक्का खांबासारखा उभा असायचा. मान आखडलीय म्हणायचे लोक. वाकायचं तर वाऱ्यापुढे वाकेन, कागदावर कशाला, असं ते म्हणायचे.

या पत्रकावर त्यांचा शिक्का वाकला होता.

मी कपाटातून इवाकिरींनी शिक्का मारलेली जुनी पत्रकं काढली आणि कोन मोजायची पट्टी लावली. ते संचालकांच्या शिक्क्यासमोर नेहमी जितके वाकत, बरोबर तितकाच हा शिक्का वाकलेला होता. अंशाचाही फरक नाही. दुसऱ्याच्या नावाने खोटा शिक्का मारतानाही त्या माणसाचा हात सवयीने नम्र झाला होता, आणि डावीकडच्या स्वतःच्याच शिक्क्यासमोर स्वतःच वाकून मोकळा झाला होता. मला हसू आलं.

पण पट्टी काही पुरावा नव्हे. मिकामीसाननी एक ओळ लिहून द्यायला हवी होती, की हा शिक्का माझ्या हातचा नाही. तेवढी मिळाली तर माझा शिक्का न मारण्याचं कारण मला ताठ मानेने सांगता आलं असतं. नाहीतर हायड्रोजनचा गटही गेला असता आणि त्या म्हाताऱ्याचं नावही. बुधवारी सकाळी मी पट्ट्यावरची उष्णतामापकं तपासायची आहेत असं सांगून होक्काइदोचं विमान धरलं. बरोबर आमच्याकडच्या चहाचा डबा.

विमानतळावर मिकामीसान स्वतः उभे होते. मी कळवलं नव्हतं.

उष्णतामापकांसाठी येतेय असं कळलं, एवढंच ते म्हणाले. कुणाकडून ते सांगितलं नाही. गाडीत त्यांनी वाटेतल्या बटाट्याच्या शेतांबद्दल सांगितलं, गुडघ्याबद्दल सांगितलं, यंदा निवृत्त व्हायचं आहे हे सांगितलं. अकरा वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. जो माणूस गाडीत एकेक शब्द मोजून बोलायचा, तो आज रिकाम्या भांड्यासारखा वाजत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. समुद्र निळा, गवत पोपटी, आकाश धुतलेलं, आणि माझ्या मनात मात्र एकेक वाक्य चाळणीतून जात होतं. याला काय माहीत आहे? मला काय माहीत आहे, हे याला माहीत आहे का?

पट्ट्यावरच्या खानावळीत हात्सुएबाई आहेत. वीस वर्षं त्या तिथे सूप ढवळताहेत, आणि चालक काय बोलले यापेक्षा चालक किती जेवले यावर त्यांचा भरवसा. मी पट्टा मोकळा व्हायची वाट बघत असल्यासारखं दाखवत वाऱ्याचा विषय काढला. एप्रिलमध्ये कसा होता म्हणून विचारलं.

“एप्रिल? अगं बाई, नऊ दिवस एक चाक हललं नाही. इथेच बसून होते सगळे, माझा चहा ढोसत. छपराचा पत्रा उडाला, मिकामीसाननी दोरीने बांधला. आणि तुमचे ते प्रमुख आले होते ना तेव्हा, त्यांनी तर सूपही घेतलं नाही. पूर्वी तुझ्यासारखेच मिकामीसानच्या शेजारी मांडीवर कागद घेऊन बसायचे, तेव्हा दोन वाट्या प्यायचे.”

बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं आणि पळीने उगाच सूप ढवळायला लागल्या. दारात मिकामीसान उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

तर प्रमुख इथे येऊन गेले होते. मला कुणी बोललं नव्हतं. आणि प्रमुखही त्यांचाच शिष्य, हेही मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मी बाहेर येते तोच फोन वाजला. इवाकिरी होते. उष्णतामापकं कशी आहेत म्हणून विचारलं, हवा कशी आहे विचारलं, मिकामीसानची तब्येत विचारली. मग म्हणाले की हायड्रोजनच्या गटात पहिली बैठक सोमवारी आहे, टेबल खिडकीपाशी चालेल ना. आवाजात साय होती. मी हो म्हटलं. माझ्या तोंडातून ते ‘हो’ इतक्या सहज निघालं की मला माझाच संशय आला.

गुरुवारी पहाटे वारा पडला. पट्ट्यावर ती छोटी गाडी उभीच होती, एप्रिलमधलीच. मी मिकामीसानना म्हटलं, उष्णतामापकांची खात्री करायला दोन फेऱ्या मारू या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. उष्णतामापक तपासायला गाडी पळवावी लागत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी हातमोजे चढवले.

नव्वद. त्यांनी गिअर काढला. शब्द मात्र आला नाही.

मी वाट बघितली, मग स्वतःच घड्याळ दाबलं. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मासेमारांच्या घरातला माणूस. जाळं ओढायची जुनी चाल त्यांच्या तोंडी असते, पण ती मी कधी नीट ऐकली नव्हती. आज गाडी शांत होती, म्हणून ऐकू आली:

दर्या गं दर्या बाई, किती ओढशील दोरी,
थोडी सैल दे गं आता, होडी येऊ दे गं घरी.

गाडी हळूहळू थकत गेली. पट्ट्याच्या कडेचे पांढरे खुंट आधी धावत होते, मग चालायला लागले. वीसवर आली तेव्हा एकशे सोळा सेकंद झाले होते. परत फिरलो. एकशे सतरा. पुन्हा एकदा. एकशे सोळा. वारा नव्हता, तेल तेच, टायर तेच. पत्रकातल्यापेक्षा दहा सेकंद कमी. म्हणजे गाडी अजून एकोणतीस पूर्णांक एकच होती. दोन वर्षांच्या सगळ्या भोकांनिशी, पातळ काचांनिशी ती तेवढीच होती. त्यात वाईट काही नव्हतं. चांगली गाडी होती बिचारी. तिला फक्त खोटं बोलायला लावलं होतं.

मिकामीसाननी आकडे विचारले नाहीत.

गाडी पट्ट्याच्या चौकीपाशी लावून आम्ही आत गेलो. लाकडी खोली, एक टेबल, भिंतीवर वाऱ्याच्या नोंदींची वही. एप्रिलचं पान मी उघडलं. नऊ दिवसांच्या रकान्यांत एकेक तिरकी रेघ होती, चाचणी नाही म्हणून. त्यांच्याच हातची. मी पत्रक काढून त्या पानाशेजारी ठेवलं आणि जे विमानात घोकत आले होते ते सगळं बोलून टाकलं. की ही चाचणी झालेली नाही. की शिक्का वाकलेला आहे, आणि कुणासारखा वाकलेला आहे तेही मी मोजलंय. की प्रमुख इथे आले होते, त्यांनी तुमच्या टेबलातून शिक्का उचलला. की तुम्ही फक्त एक ओळ लिहायची, शिक्का माझ्या नकळत वापरला. ती ओळ आणि आजचे सेकंद मी संचालकांपुढे ठेवीन. उद्या बाराला फाइल जाणार नाही. तुमच्या नावाला धक्का लागणार नाही.

कागद त्यांच्यापुढे सरकवला. पेन ठेवलं.

त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. बाहेर हात्सुएबाईंनी धुतलेली फडकी दोरीवर घातली होती, ती वाऱ्याअभावी सरळ लोंबत होती. मला वाटलं, ते माझ्या नजरेची परीक्षा बघताहेत. मग वाटलं, ते प्रमुखांना फोन करतील. मग वाटलं, या खोलीत मीच मूर्ख आहे, आणि सगळ्यांना हे महिनाभरापासून माहीत आहे. चूप बसलेल्या माणसाबद्दल किती वाईट विचार येऊ शकतात, ते मला त्या दहा मिनिटांत कळलं.

“मिकामीसान,” मी म्हटलं, “लिहा ना. एकच ओळ आहे.”

“खोटी आहे ती.”

“यातलं काय खोटं आहे?”

“नकळत. तेवढा शब्द.” त्यांनी पेन माझ्या बाजूला परत ठेवलं, अगदी सरळ. “बाकीचं तू बरोबर मोजलंस. मारला त्यानेच. इथेच, तू बसली आहेस त्या खुर्चीत.”

ते वहीच्या त्या तिरक्या रेघांकडे बघत होते.

“नवव्या दिवशी आला. मला म्हणाला, आकडे मी बसवून आणलेत, तुम्ही फक्त शिक्का द्या. मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं, ओबाता. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. या जमिनीवर गुडघे टेकले आणि कपाळ टेकवलं. साहेब आहे तो माझा. पत्रा धडधडत होता, आणि त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेले मला दिसत होते. मी शिकवलेलं पोर ते. मी म्हटलं ऊठ. तो उठेना. बराच वेळ उठला नाही.”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

“मग मी टेबलाचा खण उघडला आणि शिक्का त्याच्या हातात दिला. मी मारला नाही, म्हणून माझा काही दोष नाही, असं तेव्हापासून रोज सकाळी स्वतःला सांगतो. मीच दिला. लिही तसं. मिकामीने स्वतःच्या हाताने दिला, असं लिही, त्याखाली मी नाव घालतो.”